चार्जर तापतो, चार्जिंग रेंगाळते: घरच्या घरी दोष शोधण्याची पद्धत

मोबाइल चार्जरच्या तक्रारी वरवर पाहता एकमेकींपासून अगदी वेगळ्या वाटतात. कुणाचा चार्जर हातात धरवणार नाही इतका तापतो, कुणाचा फोन तासन्‌तास लावून ठेवला तरी पूर्ण भरत नाही, कुणाला चार्जिंग चालू असताना फोनच्या धातूच्या कडेला बोट लागताच झिणझिण्या येतात, तर कुणाच्या फोनचा पडदा चार्जर जोडल्याबरोबर भलत्याच ठिकाणी स्पर्श झाल्यासारखा वागू लागतो. मग नवा चार्जर आणला जातो, काही दिवस बरे जातात आणि तीच तक्रार पुन्हा डोके वर काढते. कारण बदलली गेलेली वस्तू अनेकदा दोषी नसतेच. वीज सॉकेटमधून चार्जरमध्ये, तिथून केबलमध्ये, केबलमधून फोनच्या पोर्टमध्ये आणि शेवटी बॅटरीत जाते, आणि दोष या पाचांपैकी कुठेही असू शकतो.

या पाच ठिकाणांपैकी गरजेपेक्षा जास्त कोण तापते आहे, हे शोधणे ही या तपासाची मुख्य दिशा आहे. वाया जाणारी वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते, आणि विजेच्या धक्क्याचा धोका वगळला तर वितळणे, जळणे, बॅटरी फुगणे या सगळ्या संकटांची सुरुवातही उष्णतेपासूनच होते. त्यामुळे सुरक्षितता आणि वीजबचत यांचा तपास वेगवेगळा करावा लागत नाही. आपला हात आणि थोडा संयम एवढ्यावर त्याचा बराचसा भाग पार पडतो.

किती तापणे स्वाभाविक आहे?

चार्जर तापतो म्हणजे तो बिघडला असे नव्हे. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) चार्जर आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात (डीसी व्होल्टेजमध्ये) बदलतो, मग तो दाब सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करून एका छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो आणि दुसऱ्या बाजूला ५, ९ किंवा त्याहून जास्त व्होल्टचा सुरक्षित दाब तयार करतो. या प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा गळते. चांगल्या प्रतीचा २० वॉटचा चार्जर पूर्ण भाराने चालत असताना त्याची कार्यक्षमता साधारण ८५ ते ९० टक्के असते, म्हणजे दोन ते साडेतीन वॉट उष्णता त्या मुठीत मावणाऱ्या डबीतून बाहेर पडत असते. तेवढ्याने डबी कोमट होणारच. जास्त वॉटचे पण आकाराने लहान असलेले नवे चार्जर त्याहून थोडे अधिक तापतात, कारण उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्यांच्याकडे पृष्ठभाग कमी असतो.

तपासणी करताना फोनची बॅटरी २० ते ३० टक्क्यांवर असावी, कारण त्या वेळी फोन सर्वाधिक वीज ओढतो. वीस मिनिटांनी सॉकेटचे बटण बंद करून चार्जर बाहेर काढावा आणि मुठीत धरून पाहावा. तो गरम लागला तरी आरामात धरता येत असेल, तर काळजीचे कारण नाही. चटका बसून सोडून द्यावा लागत असेल, प्लास्टिकचा रंग बदलला असेल, सांधा उघडला असेल किंवा करपल्याचा वास येत असेल, तर तो चार्जर पुन्हा लावू नये. एखादा दिवस थांबून पाहू, असा विचार इथे करू नये.

दुसरी तपासणी याहून सोपी आणि माझ्या मते जास्त बोलकी आहे. फोन न जोडता चार्जर तासभर सॉकेटमध्ये चालू ठेवावा आणि मग हात लावून पाहावा. तो खोलीतल्या इतर वस्तूंइतकाच थंड लागला पाहिजे. युरोपीय संघाच्या १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार ४९ वॉटपर्यंतच्या नेहमीच्या चार्जरने फोन जोडलेला नसताना ०.१ वॉटपेक्षा जास्त वीज घेता कामा नये, आणि अमेरिकेत हीच मर्यादा फेब्रुवारी २०१६ पासून आहे. एवढ्या अल्प विजेने येणारी ऊब हाताला जाणवतही नाही. म्हणूनच रिकामा चार्जर कोमट लागत असेल, तर त्याची रचना जुनी आहे किंवा आतला एखादा भाग निकामी होत चालला आहे, असे समजावे. पूर्वीचे लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरचे जड अ‍ॅडॉप्टर असे सतत कोमट राहत आणि काही न करता एक-दोन वॉट वीज घेत बसत. ते वजनावरूनच ओळखू येतात.

सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड

मोबाइल चार्जर २३० व्होल्टवर अँपिअरच्या दशांश-दोन दशांशाइतकाच प्रवाह घेतो. त्यामुळे केवळ चार्जर लावल्याने सॉकेटवर जास्त भार पडला, हे स्पष्टीकरण सहसा बरोबर नसते. सॉकेटच्या छिद्राभोवती तपकिरी कडे उमटले असेल किंवा चार्जरची एखादी पिन काळवंडली असेल, तर आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या आहेत आणि पिन व पट्टी यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडत आहेत, असे समजावे. त्याच सॉकेटला आधी इस्त्री किंवा पाणी तापवण्याचे उपकरण लावले जात असेल, तर पट्ट्या तिथेच सैल पडलेल्या असतात आणि दोष मात्र चार्जरच्या माथी मारला जातो. प्लग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आहे किंवा हलका धक्का लागताच चार्जिंग तुटते आहे, असे दिसले तर सॉकेट बदलून घ्यावे. प्लगखाली कागदाची घडी सारून तो सरळ उभा करणे हा उपाय धोकादायक आहे.

प्लग आत सरकवताना एखादी बारीक ठिणगी दिसते, ती मात्र दोषाची खूण नाही. चार्जरमधला रिकामा कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) त्या क्षणी एकदम भरतो आणि क्षणभर मोठा प्रवाह वाहतो. सॉकेटचे बटण बंद ठेवून प्लग लावला आणि मग बटण दाबले, तर ही ठिणगी पिनेवर पडत नाही आणि पिना जास्त काळ गुळगुळीत राहतात. प्लग लावून झाल्यावरही तडतड ऐकू येत असेल, तर लगेच बटण बंद करावे.

एका एक्स्टेन्शन बोर्डमध्ये दुसरा बोर्ड, त्यात तिसरा, अशी साखळी करू नये. प्रत्येक जोडावर एक नवी सैल जागा तयार होते. फोनचे चार-पाच चार्जर एका चांगल्या बोर्डवर बिनधोक चालतात. त्याच बोर्डवर हीटर किंवा इस्त्री मात्र लावू नये.

केबल: सर्वांत जास्त दुर्लक्षित दोषी

रेंगाळणाऱ्या चार्जिंगचा उगम शोधायचा असेल, तर मी सर्वांत आधी केबलकडे पाहायला सांगेन. बाहेरून सगळ्या केबल सारख्याच दिसतात, पण आतल्या तांब्याच्या जाडीत मोठा फरक असतो, आणि तो कागदावर मांडला की गोष्ट लख्ख होते. स्वस्त केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारेचा छेद अनेकदा ०.०८ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. एक मीटर लांबीच्या अशा केबलमध्ये जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही तारा मिळून सुमारे ०.४३ ओहम रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, भरतो. ५ व्होल्टच्या चार्जिंगमध्ये २ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर ०.८६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि फोनच्या पोर्टपाशी जेमतेम ४.१ व्होल्ट पोहोचतात. जवळपास पावणेदोन वॉट केबल तापवण्यात जातात. फोनचे नियंत्रक परिपथ पोर्टवरचा दाब घसरतो आहे हे ओळखून स्वतःच प्रवाह कमी करतात, आणि ‘फास्ट चार्जर आहे पण फोन भरत नाही’ ही तक्रार इथे जन्म घेते. तीच लांबी ठेवून तारेचा छेद ०.२ चौरस मिलिमीटर केला, तर रोध ०.१७ ओहमवर येतो आणि गळती पाऊण वॉटच्याही खाली जाते. केबल दोन मीटरची घेतली की रोध दुप्पट होतो. म्हणून लांब केबल हवीच असेल, तर ती जाड तारेची घ्यावी.

याच हिशेबातून दुसरी एक गोष्ट कळते. तेवढेच दहा वॉट ५ व्होल्टऐवजी ९ व्होल्टने पाठवले, तर प्रवाह १.१ अँपिअरवर येतो आणि त्याच बारीक केबलमधली गळती पावणेदोन वॉटवरून जेमतेम अर्ध्या वॉटवर येते, कारण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यूएसबी पॉवर डिलिव्हरीसारख्या जलद चार्जिंगच्या पद्धतींमध्ये दाब वाढवण्यामागे वेगाइतकेच हेही कारण आहे. शक्तिशाली चार्जर लावला की तो फोनमध्ये जबरदस्तीने वीज कोंबतो, हा समज मात्र खरा नाही. या पद्धतीत चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो आणि फोनने मागणी केल्यावरच दाब वाढवतो. फोनला १८ वॉट हवे असतील, तर ६५ वॉटचा चार्जरही तेवढेच देतो. उलट, चार्जर आणि फोन यांना एकमेकांची पद्धत कळत नसेल, तर दोघेही निर्दोष असूनही ५ व्होल्टच्या मूळ गतीवरच राहतात. फोनच्या माहितीपत्रकात कोणती चार्जिंग पद्धत दिली आहे आणि चार्जरवर कोणती छापली आहे, हे जुळवून पाहिले की हा संशय दोन मिनिटांत मिटतो.

टाइप-सी केबलबाबत आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच्या प्रवाहासाठी असते. ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात ओळख पटवणारी चिप असावी लागते आणि ती नसेल तर चार्जर स्वतःहून ३ अँपिअरवर थांबतो. हा दोष नसून सुरक्षिततेची तरतूद आहे.

केबल तपासताना चार्जिंग सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटे झाली की तिच्या संपूर्ण लांबीवरून बोटे हलकेच फिरवावीत. सगळी केबल सारखीच किंचित कोमट असेल तर तार बारीक आहे. एकाच जागी, विशेषतः प्लगच्या मानेपाशी, ऊब एकवटलेली असेल तर आतले काही धागे तुटले आहेत आणि उरलेल्या धाग्यांवर सगळा प्रवाह आला आहे. वरचे आवरण अखंड दिसत असले तरी अशी केबल वापरू नये, आणि चिकटपट्टी गुंडाळून तिचे आयुष्य वाढवू नये. केबल ओढून प्लग काढण्याची सवय मानेजवळचे धागे तोडते. प्लगचा ठोकळा धरूनच तो काढावा.

पोर्टमध्ये काय साचले आहे ते पाहावे

केबल आणि चार्जर दोन्ही बदलून पाहिले, तरी चार्जिंग मधूनमधून तुटत असेल, तर फोन बंद करून पोर्टमध्ये विजेरीचा झोत टाकून नीट पाहावे. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना सोनेरी पट्ट्यांची रांग असते. खिशातले कापसाचे तंतू आणि धूळ या जिभेच्या मागे जाऊन बसतात, आणि प्रत्येक वेळी प्लग घालताना ते आणखी दाबले जाऊन त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. मग प्लग तळापर्यंत जात नाही. त्याच्या धातूची एखादा मिलिमीटर रुंदीची कड पोर्टबाहेर दिसत राहते आणि जोडताना नेहमीचा ‘टक’ जाणवत नाही. लाकडी टूथपिकचे टोक आणखी बारीक करून, जिभेला धक्का न लावता, कडेकडेने हा थर सैल करून बाहेर ओढावा. टाचणी, सुई किंवा सेफ्टी पिन वापरू नये, कारण एकदा जीभ वाकली किंवा पट्टी खरवडली गेली की पोर्टच बदलावे लागते. तोंडाने फुंकर मारू नये. श्वासातला ओलावा आत जातो.

ओलावा हा पोर्टचा दुसरा शत्रू. ओल्या पोर्टमध्ये चार्जर लावला की पट्ट्यांमध्ये विद्युत अपघटन सुरू होते आणि वीज नेणारी पट्टी काळी-हिरवी पडून झिजते. बऱ्याच फोनवर पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना येते. ती आली की प्लग काढावा, फोनचे पोर्ट खाली करून अलगद झटकावे आणि हवेशीर जागी तो पूर्ण कोरडा होऊ द्यावा. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा आणि तांदळाचा डबा, दोन्ही टाळावे. पहिल्याने फोनमधले गोंद आणि सील बिघडतात, दुसऱ्याने पोर्टमध्ये पीठ आणि कणी शिरते.

फोन स्वतःच तापत असेल तर

लिथियम-आयन बॅटरीचे चार्जिंग सुरुवातीला जोरात चालते आणि ती भरत आली की हळूहळू मंदावते. शेवटच्या वीस टक्क्यांना लागणारा वेळ पाहून चार्जर खराब ठरवणे हा अतिशय सामान्य गैरसमज आहे. वेग मोजायचाच असेल, तर तो २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान मोजावा. फोन गरम झाला असेल तरी तो स्वतःहून चार्जिंग मंद करतो, म्हणून एकाच चार्जरने थंडीत लवकर आणि उन्हाळ्यात उशिरा फोन भरणे स्वाभाविक आहे. शून्य अंशाखालच्या गोठवणाऱ्या थंडीत मात्र चार्जिंग मुळीच करू नये, कारण तेव्हा धातुरूप लिथियम बॅटरीच्या आत साचते आणि तिचे कायमचे नुकसान होते. सर्वसाधारण लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा ० ते ४५ अंश सेल्सिअस मानली जाते आणि फोन वापरण्यासाठी बहुतेक कंपन्या सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सुचवतात.

चार्जिंग करताना फोन उशीखाली, पांघरुणात किंवा गादीवर ठेवू नये. भरत असलेल्या फोनमधून काही वॉट उष्णता बाहेर पडत असते. कापूस आणि कापड ती अडवून ठेवतात आणि फोनचे तापमान चढत जाते. फोन टेबलासारख्या कडक, उघड्या पृष्ठभागावर ठेवावा, जाड कव्हर काढावे आणि तेवढा वेळ खेळ किंवा दीर्घ व्हिडिओ कॉल टाळावा. रात्रभर फोन लावून ठेवला की तो ‘ओव्हरचार्ज’ होतो, ही भीती आजच्या फोनबाबत खरी नाही. बॅटरी भरली की नियंत्रक प्रवाह थांबवतो. मात्र बॅटरी तासन्‌तास शंभर टक्क्यांवर आणि उबदार अवस्थेत राहिली, तर तिचे रासायनिक वार्धक्य लवकर येते. म्हणूनच बहुतेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची किंवा जाग येण्याच्या सुमारास उरलेला भाग भरण्याची सोय असते. आयफोनमध्ये यांतली दुसरी सोय २०१९ च्या आयओएस १३ या प्रणालीपासून आली. ती सुरू ठेवावी. त्यामुळे फोन ८० टक्क्यांवर अडला, तर तो बिघाड समजू नये.

फोन सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, पडद्याची कड वर उचलली गेली असेल किंवा मागच्या झाकणाशी फट दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. अशा फोनचे चार्जिंग त्याच क्षणी थांबवावे, तो बंद करावा, झाकण दाबून बसवण्याचा किंवा बॅटरीला टोचण्याचा प्रयत्न करू नये आणि ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून तो अधिकृत सेवा केंद्राकडे सोपवावा. धूर किंवा ज्वाला दिसल्यास, जवळ न जाता शक्य असेल तर मुख्य वीजपुरवठा बंद करावा, सगळ्यांना खोलीबाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. जळणाऱ्या बॅटरीचा धूर विषारी असतो.

झिणझिण्या आणि भरकटणारा पडदा

बहुतेक चार्जरमध्ये उच्च दाबाची बाजू आणि फोनची बाजू यांच्यामध्ये एक विशेष सुरक्षा कपॅसिटर असतो. विद्युत गोंगाट, म्हणजे विजेतले नको असलेले जलद चढउतार, शोषून घेणे हे त्याचे काम. त्यातून अत्यंत क्षीण प्रवाह फोनच्या धातूपर्यंत येतो; पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी असलेला हा प्रवाह धोकादायक नसतो, पण बोटाची मागची बाजू धातूवरून अलगद फिरवली की खरखरीत कंप जाणवतो. तो दुसऱ्या चांगल्या चार्जरवर नाहीसा होत असेल किंवा खूपच कमी होत असेल, तर पहिल्या चार्जरबद्दल शंका घ्यावी. फोन घट्ट धरला असतानाही झटका बसत असेल, तर शंका घेत बसू नये. बटण बंद करून तो चार्जर कायमचा बाजूला काढावा. पडदा भरकटण्याचे मूळही इथेच आहे: चार्जरमधून येणारा गोंगाट आटोक्यात नसेल, तर बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या परिपथाला खोटे स्पर्श दिसू लागतात. चार्जर काढताच पडदा ताळ्यावर येत असेल, तर फोन दुरुस्तीला नेण्याची गरज नाही.

पाण्याजवळ मात्र कोणत्याही चार्जरवर विश्वास ठेवू नये. टबमध्ये बसून चार्जिंगला लावलेला फोन वापरताना माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. ओल्या अंगाचा रोध खूप कमी होतो आणि चार्जरमधले विद्युतरोधन सदोष असेल, तर जीव वाचवायला मध्ये काहीच उरत नाही. चार्जर, केबल आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्नानगृहाबाहेर आणि स्वयंपाकघरातल्या सिंकपासून दूरच ठेवावेत. घरात लहान मूल असेल, तर चालू चार्जरची केबल मोकळी लोंबकळत ठेवू नये. तिचे टोक तोंडात गेले तर ओठ-जीभ भाजू शकते.

चार्जरचे लेबल वाचणे

बनावट चार्जर हा या सगळ्या तक्रारींमागचा सर्वांत गंभीर धागा आहे. २०१६ साली यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे ४०० बनावट चार्जर तपासले, तेव्हा तीन वगळता बाकी सगळे आग किंवा विजेचा धक्का या कसोटीवर नापास झाले आणि त्यांतल्या बारांची रचना तर जीवघेणा धक्का बसावा इतकी वाईट होती. चांगल्या चार्जरमध्ये उच्च दाबाचा भाग आणि फोनकडचा भाग यांच्यामध्ये काही मिलिमीटरचे अंतर आणि अनेक पदरी विद्युतरोधन राखलेले असते. बनावट चार्जर स्वस्त होतो तो नेमका इथेच काटकसर करून, आणि ती बाहेरून दिसत नाही. आत काय आहे हे पाहण्यासाठी चार्जर उघडू मात्र नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

बाहेरून पाहता येते ते लेबल. त्यावर आत जाणारा दाब, बाहेर पडणारे व्होल्ट आणि अँपिअर, उत्पादकाचे नाव आणि एकात एक असलेले दोन चौकोन दिसले पाहिजेत. हे चौकोन म्हणजे दुहेरी विद्युतरोधनाची खूण. अनेक चार्जरवर वर्तुळात रोमन अंकांतील सहा छापलेला असतो आणि तो कार्यक्षमतेची पातळी दाखवतो. अक्षरे पुसट असणे, शब्दांत चुका असणे, डबी पोकळ वाटावी इतकी हलकी असणे, पिना सैल असणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तो चार्जर नाकारावा. खुणा बनावट वस्तूंवरही छापता येतात, म्हणून लेबल बरोबर आहे एवढ्यावर विसंबू नये. खरेदी उत्पादकाकडून किंवा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच करावी.

विजेचा हिशेब कुठे महत्त्वाचा आहे

५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. वाटेतली गळती धरली, तर ती एकदा पूर्ण भरायला सॉकेटमधून साधारण २५ वॉट-तास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये फोन चाळीसएक वेळा भरतो. रोज पूर्ण भरला तरी वर्षाला नऊएक युनिट होतात. चांगला चार्जर वर्षभर रिकामा लावून ठेवला, तर तो ०.१ वॉटच्या हिशेबाने वर्षाला ०.९ युनिटपेक्षाही कमी वीज घेतो. ७५ वॉटचा पंखा बारा तास चालवला की तेवढी वीज संपते. या आकड्यांकडे पाहता, रिकामा चार्जर काढून ठेवण्यामागे वीजबचतीपेक्षा सुरक्षिततेचे कारण मोठे आहे असे मला ठामपणे वाटते: वीजदाबाचा चढउतार आणि उष्णता सोसत तो विनाकारण झिजत राहतो. बटण बंद करणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

खरी गळती इतरत्र असते. बिनतारी चार्जिंगमध्ये पॅडमधल्या तारेच्या वेटोळ्यातून फोनमधल्या वेटोळ्यात ऊर्जा जाताना बरीच वाया जाते, आणि फोन पॅडवर थोडा सरकलेला असेल तर ती आणखी वाढते. त्यातली उष्णता थेट बॅटरीच्या पाठीशी साचते हे जास्त वाईट. पॅड वापरायचेच असेल, तर फोन मधोमध ठेवावा आणि नाणी, किल्ल्या, धातूची पट्टी असलेले कव्हर मध्ये येऊ देऊ नये. पॉवर बँकेतून फोन भरताना ऊर्जा दोनदा साठवली जाते, म्हणून गळतीही दोनदा होते. घरात सॉकेट असताना ती वापरण्यात अर्थ नाही. आणि फोनच्या संपूर्ण आयुष्यातल्या ऊर्जाखर्चाचा सर्वांत मोठा वाटा तो तयार होतानाच खर्च झालेला असतो. उष्णतेने बॅटरी अकाली निकामी झाली आणि फोन वर्षभर आधी बदलावा लागला, तर चार्जर काढून ठेवून वाचवलेली सगळी वीज त्यापुढे नगण्य ठरते. त्यामुळे फोन थंड ठेवणे, चांगली केबल वापरणे आणि बॅटरी खराब झाल्यास फोनऐवजी फक्त बॅटरी बदलून घेणे, या तीन गोष्टींना मी वीजबचतीत वरचा क्रम देतो.

तपासणीत सदोष ठरलेला चार्जर किंवा केबल पुन्हा खणात टाकू नये, कारण घाईच्या वेळी घरातले दुसरे कुणीतरी तीच बाहेर काढते. सॉकेटपासून वेगळा केल्यावर चार्जरवर ठळक खूण करावी, केबल असेल तर तिचे टोक कापून टाकावे आणि दोन्ही ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे. फुगलेली बॅटरी त्यांच्यासोबत एकाच पिशवीत टाकू नये; ती वेगळी, धातूला न टेकवता ठेवून, फुगली असल्याचे सांगूनच केंद्रातल्या माणसाच्या हाती द्यावी.